हाकेपुरता एक शब्द

माझी धाकटी बहीण सुधा सगळ्या रत्नागिरीला सांगत सुटली आहे की वसूला म्हातारचळ लागलाय. लागू दे. साठीला टेकलेली बाई स्वतःचं लग्न ठरवायला एकटी उठून छत्रपती संभाजीनगरला जाते, तर लोक असंच म्हणणार. आई असती तर तिनेही तेच म्हटलं असतं आणि वर दोन करंज्या बांधून दिल्या असत्या. सुधाने करंज्या दिल्या नाहीत, पण गुपचूप माझ्या बॅगेत आमसुलांची पिशवी सारली. त्यावरून मी ओळखलं की बाईसाहेब आतून खूश आहेत.

आधी थोडं मागचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मी कॉलेजात भाषाविज्ञान शिकवत होते. नवरा जाऊन बराच काळ लोटला, मूलबाळ नाही, निवृत्तीनंतर दिवसभर आंब्याच्या झाडाखाली बसून शेजाऱ्यांचं बोलणं ऐकणं एवढाच उद्योग. गेल्या वर्षी ज्येष्ठ नागरिकांच्या सहलीबरोबर गुजरातला गेले. पहाटे कुठल्याशा हायवेवर बस थांबली. माकडटोपी घातलेले एक उंच गृहस्थ चहाचा एक कप हातात घेऊन आले आणि म्हणाले, "मी चहा पिलो. तुम्ही पिलात का?"

माणूस 'पिलो' म्हणाला आणि मी गेले. कामातून गेले.

आता यात एवढं काय, असं तुम्ही विचाराल. सांगते. आमच्याकडे लोक 'प्यालो' म्हणतात. 'प्यालो' हे रूप बिचारं जवळजवळ एकटं आहे, 'भ्यालो' सोडला तर त्याच्यासारखं दुसरं चटकन सापडत नाही. आणि भाषेला एकटं कुणी बघवत नाही. जेवलो, बसलो, उठलो, निजलो, अशी पंगत बसलेली असताना 'प्यालो' दारात उभा का, म्हणून मराठवाड्यातल्या लोकांनी त्याचा हात धरून त्याला ओळीत बसवलं आणि 'पिलो' केलं. एकाचं बघून दुसऱ्याने तसं वागायचं. आम्ही वर्गात याला सादृश्य म्हणायचो. पोरं जांभया द्यायची, मी मात्र दरवर्षी हरखून जायचे. जगातल्या भाषा अशाच बदलत आल्या आहेत, एकट्यादुकट्याला ओळीत घेत घेत.

तर असे ते अण्णा. पाटबंधारे खात्यातून निवृत्त, मूळचे गंगापूरचे, बायको चार वर्षांपूर्वी वारलेली. सहल संपली तरी फोन संपले नाहीत. एका संध्याकाळी ते म्हणाले, "वसुधाताई, मी आता तुम्हाला ताई म्हणणं बंद करावं म्हणतो." मी म्हटलं, "करा." अशी आमची मागणी झाली. पण लगेच त्यांनी पुढचं सांगितलं. "शुभा हो म्हणली तर. ती नको म्हणली तर आपण सहलीतले मित्र. तिची आई गेल्यापासून तिनंच मला उभं केलंय, वसुधा. तिला दुखवून मला काही नको." मला ते आवडलं आणि मी लगेच बसची चौकशी केली. शुभा म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. तिला भेटायला मी निघाले होते.

औरंगपुरा

बसच्या प्रवासाबद्दल लिहीत नाही. मान अवघडली, एवढं पुरे. अण्णा स्टँडवर इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते, हातात पेरूंची पिशवी. "खाऊन बघा, आमच्याकडचे आहेत," म्हणाले. साठीतल्या माणसाने पेरू देणं यात लाजण्यासारखं काय आहे ते मला माहीत नाही, पण आम्ही दोघंही लाजलो, आणि रिक्षावाला आरशातून बघून हसत होता.

शुभाचं औरंगपुऱ्यात शाळेच्या गणवेशांचं दुकान आहे. नवरा माल आणायला गावोगाव फिरतो, दुकान ती बघते. अण्णांनी मला थेट तिथेच नेलं. पस्तिशीची, गळ्यात मोजपट्टी, केस घट्ट बांधलेले, एका हाताने स्वेटरची घडी घालत दुसऱ्या हाताने सुटे पैसे देणारी बाई. "या. प्रवास बरा झाला ना? बसा. ऐ, पाणी द्या रे." सगळं अगदी व्यवस्थित. पण थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की तिने मला हाक मारलेली नाही. मराठीत ही मोठी सोय आहे. 'अहो', 'ऐकलं का', 'इकडं बघा', 'हे घ्या' यांच्यावर माणूस माणसाला काही न म्हणता महिना काढू शकतो. शुभा ती सोय पुरेपूर वापरत होती.

मी तिला जिंकायला आले होते आणि मला जिंकायचा एकच मार्ग येतो, तो म्हणजे बोलणं. दुकानात एक लहान मुलगा आईवर खेकसत होता, "मी घालली ना पँट, मग काढायची कशाला?" घातली नव्हे, घालली. माझा जीव सुखावला. मी शुभाला म्हटलं, "बघितलंस? चाल चालली, बोल बोलली, मग घाल घातली का? त्याचं बरोबरच आहे. आणि पँट ती का गं? कारण विजार ती होती. शर्ट तो, कारण सदरा तो. फ्रॉक तो, कारण झगा तो. इंग्रजांनी काही सांगून पाठवलं नव्हतं. आपणच ठरवलं, नव्या कपड्याला जुन्याच्या खुंटीवर टांगायचं."

"असं व्हय," शुभा म्हणाली. "त्या वरच्या खुंटीवरची तीस नंबरची पँट देता का जरा?"

मी दिली. तेवढाच उपयोग झाला.

रात्रीच्या जेवणाला तिच्या घरी ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, वांग्याचं भरीत आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. आमटीची चव मी आधी कधी घेतली नव्हती. भाजक्या धान्याच्या पिठाची, मसाल्याची, खमंग. मी वाटीला तोंड लावलं. मग घात झाला. आमच्या कोकणात ताटाच्या डाव्या बाजूला हिरवं काही दिसलं की ते ओल्या नारळाचं असतं. मी चमचाभर ठेचा भाकरीवर घेतला आणि खाल्ला. पुढचा वेळ मला नीटसा आठवत नाही. नाकातून, डोळ्यांतून, बहुधा कानांतूनही पाणी आलं. अण्णा गूळ शोधत होते. शुभा म्हणाली, "मी आधीच म्हणलं होतं, जपून घ्या."

माझं दुर्दैव बघा. जीभ जळत असताना मी आनंदाने म्हणाले, "म्हणलं. किती छान. म्हण, म्हणलं. आमचं 'म्हटलं' उगाच वाकडं."

शुभाने हातातली भाकरी ताटात ठेवली. "तुम्ही माणूस ऐकता का शब्द?" तिने विचारलं. "दुपारपासून बघतेय. मी काय म्हणायले त्याच्याकडं लक्षच नाही तुमचं, कसं म्हणायले तेच. आमचं बोलणं गंमत वाटतं काय तुम्हाला?"

"नाही गं. मला ते आवडतं."

"सर्कशीत वाघ पण आवडतो लोकांना," ती म्हणाली आणि पाणी आणायला आत गेली.

अण्णांनी गुळाचा खडा माझ्या ताटात ठेवला. मला तिचा राग आला नाही, स्वतःचीच लाज वाटली. माझ्या प्रेमाची जातच अशी आहे, कुणाचं बोलणं आवडलं की मी त्याला घोळवत बसते, आणि समोरच्याला वाटतं ही वेडावते. अण्णांना ते गोड वाटलं होतं, म्हणून सगळ्यांनाच वाटेल असं मी धरून चालले होते. एकाचं बघून दुसऱ्याचं ठरवणं शब्दांत चालतं, माणसांत नेहमी चालत नाही.

शहागंज

दुसऱ्या दिवशी अण्णांनी मला शहागंजला त्यांचे कॉलेजातले मित्र हमीदभाई यांच्याकडे नेलं. हमीदभाईंचं गाद्या-रजयांचं दुकान, वर घर. गल्लीत इतकी गर्दी की माझी चप्पल एका हातगाडीखाली राहिली आणि मी एका पायाने लंगडी घालत दुकानात शिरले. हमीदभाई उठून उभे राहिले. "आओ भाभी, आओ. एका चपलेत आलात म्हणजे घाईत आलात." चप्पल आणायला अण्णा परत गेले, आणि इतक्या सहज मिळालेली ती 'भाभी' घेऊन मी पायऱ्या चढले.

त्यांच्या बेगम नजमाआपांनी नान-खलिया केला होता. चकाकत्या पिवळसर रंगाचा नान आणि तेलाचा तवंग आलेलं मटण. कालच्या ठेच्यामुळे मी आधी बोटाचं टोक बुडवून बघितलं. नजमाआपा हसल्या, "डरो नक्को. मिरच्यां कम डाल्यूं मैं." आमच्याकडे पाहुण्याला अजून थोडं घ्या, थोडं घ्या म्हणत छळतात. इथे काही न म्हणता ताटात टाकतात, आणि वर विचारतात की तुम्ही काही खातच नाही.

हमीदभाईंची भाषा म्हणजे माझ्यासाठी मेजवानीतली मेजवानी. माझ्याशी मराठी, बेगमशी दख्खनी, अण्णांशी दोन्हींची खिचडी. "अण्णा के फोनां सुन सुन के हमारे कानां पक गये, भाभी. एकच नाव दिवसभर." फोनां, कानां, बातां, लोगां, दुकानां. एकाचे अनेक झाले की 'आं' लावायचा आणि मोकळं व्हायचं, मग शब्द अरबस्तानातून आलेला असो की काल कंपनीतून. आणि मधूनच आपला मराठी 'नको' जरा जोर लावून 'नक्को' होऊन फिरतो, घरच्यासारखा. मी दाताखाली जीभ धरून बसले होते. एकही शब्द घोळवला नाही. नजमाआपांना वाटलं मला मटण आवडलं नाही.

शेवटी हमीदभाईंनीच विचारलं, "शुभा क्या बोली?"

"मला अजून काहीच म्हणत नाही," मी म्हटलं. हे शब्दशः खरं होतं.

त्यांनी हात पुसले. मग मराठीत म्हणाले, "पोरगी तिखट आहे, पण मनात काही ठेवत नाही. आई गेली तेव्हा हा आमचा दोस्त दोन महिने खिडकीत बसून होता. तिनं दुकान सांभाळून ह्याला रोज जेवू घातलं, रागावून, रडून, कसंही. आता तुम्ही आलात तर तिला वाटत असेल, मग मी काय केलं इतके दिवस? जल्दी नक्को करो."

अण्णा खिडकीतून बाहेर बघत होते. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि मला एकदम भीती वाटली. तोवर सगळं मजेत चाललं होतं. हा माणूस मला मिळणार नाही, असंही होऊ शकतं, हे मला त्या जेवणाच्या चटईवर पहिल्यांदा नीट कळलं. मी आणखी एक नान घेतला. मला भीती वाटली की भूक लागते.

गंगापूर

तिसऱ्या दिवशी अण्णांच्या धाकट्या भावाने, भाऊसाहेबांनी, शेतावर हुरडा खायला बोलावलं होतं. शुभाही निघाली. गाडी तिच्या नवऱ्याकडे, म्हणून आम्ही वडापच्या जीपने गेलो. त्या जीपमध्ये माणसं बसत नाहीत, भरतात. मी आणि शुभा खांद्याला खांदा लावून. वाटेत तिला डुलकी लागली आणि तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. मी श्वासही बेताने घेत होते. गंगापूर आल्यावर ती जागी झाली, डोकं परत नेलं, आणि म्हणाली, "जागा कमी होती."

शेतात एका बाजूला ऊस, एका बाजूला वेचणीला आलेला कापूस, मधे ज्वारी. जमिनीत खड्डा करून गोवऱ्या पेटवलेल्या, त्याला आगटी म्हणतात. त्यात कोवळी कणसं खुपसायची, भाजली की तळहातावर चोळायची, फुंकर मारली की हिरवे दाणे उरतात. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. आमच्याकडे अशी आग पेटवून काजूच्या बिया भाजतात, पण त्यांचा चीक उडतो, लोक लांब उभे राहतात. इथे सगळे आगटीला चिकटून बसतात. माझे हात भाजत होते, तोंड चालू होतं, थंडी मस्त होती, आणि मी कालची भीती विसरून गेले. माझं हे असंच आहे.

भाऊसाहेब म्हणजे झुपकेदार मिशा आणि त्यांच्यामागे एक अत्यंत लाजाळू माणूस. त्यांनी दाणे चोळले, फुंकले, आणि ओंजळ माझ्यापुढे धरली. "वहिनी, हात पुढं करा."

मोठ्या भावाची होणारी बायको, दुसरं काय म्हणणार? मला तर आभाळ ठेंगणं झालं. "द्या भावजी," मी म्हटलं, आणि हात पुढे केले.

भाऊसाहेबांचे हात तसेच राहिले. अण्णांनी मान खाली घातली. शुभा उठली, बांधावरून उसाच्या दिशेने चालू लागली.

मला काही कळेना. मी अण्णांकडे बघितलं. ते नुसते "अरे देवा" म्हणाले. मग मीच उठले आणि तिच्यामागे निघाले. बांधावर चालायची सवय नाही, एकदा घसरले, पदर कापसाच्या पऱ्हाटीत अडकला तो सोडवला. शुभा उसाच्या कडेला पाठमोरी उभी होती.

"मी काय चुकले ते सांग," मी म्हटलं.

"तुम्ही नाय चुकलात. काका बी नाय चुकले." ती वळली. तिचे डोळे लाल झाले होते. "माझ्या आईला मी वहिनी म्हणायचे."

मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"काका तिला वहिनी म्हणायचे, आत्या वहिनी म्हणायच्या, गल्लीतले समदे वहिनी म्हणायचे. मी लहान, मी बी तेच म्हणायला लागले. कुणी बदललं नाय. अण्णाला जसं समदे अण्णा म्हणतात म्हणून मी अण्णा म्हणते, तसंच. शाळेत पोरी आई म्हणायच्या, मम्मी म्हणायच्या. मला वाटायचं, ह्यांच्या साध्या आया आहेत, माझी तर वहिनी आहे. दवाखान्यात शेवटी मी तिच्या कानात तेच म्हणत होते. लोकांना वाटलं, नणंद आहे वाटतं." ती हसली आणि रडली, दोन्ही एकदमच. "काकांनी हाक मारली आणि तुम्ही ओ दिली. मला वाटलं, झालं. वहिनी आली. जुनी गेली, नवी आली."

आता इथे मला कबूल केलं पाहिजे की माझ्या डोक्यात एक दिवा लागलाच. लहान मूल घरातल्या मोठ्यांचं ऐकून आपल्या आईला वहिनी म्हणतं, आणि तो शब्द तिच्यापुरता 'आई' होऊन जातो. मी जन्मभर जे शिकवलं ते माझ्यासमोर रडत उभं होतं. पण या वेळी मला शब्द नाही, माणूस ऐकू आला. मला तिच्या आईचं फार वाईट वाटलं, आणि तिचं त्याहून जास्त. अण्णा त्या बाईंना माझ्याशी बोलताना नेहमी 'शुभाची आई' म्हणायचे. मला कळणार तरी कसं?

मी म्हटलं, "चल."

"कुठं?"

"आगटीवर. हुरडा गार होतोय."

परत येऊन मी भाऊसाहेबांपुढे उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "भाऊसाहेब, या घरात वहिनी एकच होत्या. तो शब्द त्यांचा. मला तुम्ही दुसरं काहीही म्हणा. लग्न झालं तरी, नाही झालं तरी."

भाऊसाहेबांच्या मिशा थरथरल्या. "बरं," ते म्हणाले. मग बराच विचार करून, "मंग काय म्हनू?"

इथे घोळ सुरू झाला. कुणी म्हणालं ताई म्हणा. भाऊसाहेब म्हणाले, "अण्णाची बायकू माझी ताई झाली, तर अण्णा माझा दाजी झाला की." काकू म्हणा. "ह्या वयात मी काकू म्हनू? लोकं हसतील." मावशी? मॅडम? बाई? नुसतं वसुधा म्हणायचं तर त्यांनी जीभच चावली. शेवटी त्यांनी तीच ओंजळ पुन्हा पुढे केली आणि अतिशय अदबीने म्हणाले, "अहो... हे... ते... घ्या." सगळे हसले. शुभाही हसली, नाक पुसत. मला हाक मारायला त्या घरात शब्दच उरला नव्हता. मी मात्र हुरडा पोटभर खाल्ला.

परतीच्या जीपमध्ये ती झोपली नाही. एकदाच म्हणाली, "तुम्ही काकांना सांगितलं ते बरं केलंत." आणि बाहेर बघत बसली. ते हो होतं की नाही, मला कळलं नाही. अण्णांनाही नाही. आम्ही दोघं म्हातारे शाळेचा निकाल लागायचा असल्यासारखे बसलो होतो.

पुन्हा औरंगपुरा

चौथ्या दिवशी संध्याकाळी माझी बस होती. दुपारी मी निरोप घ्यायला दुकानात गेले. अण्णा माझी बॅग घेऊन मागून येणार होते. थंडी वाढल्यामुळे स्वेटरला गिऱ्हाईक होतं. शुभाने मला बसायला सांगितलं नाही, माझ्या हातात स्वेटरांचा गठ्ठा दिला. मी घड्या घालू लागले. आणि गप्प. कुणाचा शब्द घोळवायचा नाही, असं ठेच्याच्या रात्रीच मी स्वतःला वचन दिलं होतं.

एक बाई नातवाला घेऊन आल्या. गंगापूरकडच्याच, भाऊसाहेबांच्या वस्तीशेजारच्या, म्हणजे सगळं ठाऊक करून घेण्याचा त्यांचा हक्क होता. स्वेटर नातवाच्या डोक्यातून घालता घालता त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "शुभे, ह्या कोन गं?"

माझी घडी तिथेच थांबली. आता 'अहो'ने भागणार नव्हतं. 'पाहुण्या आहेत' म्हणाली असती तर मी काय समजायचं ते समजले असते आणि बसमध्ये जाऊन बसले असते.

शुभाने नातवाच्या खांद्याचं माप बघितलं. बाही खेचून बघितली. मग मोजपट्टी गुंडाळत, वर न बघता म्हणाली, "ह्या आमच्या अण्णी."

"अण्णी म्हंजी?"

"अण्णी म्हणजे अण्णी. काकाची काकी असती, मामाची मामी असती, आजाची आजी असती. मग अण्णाची कोण असंल?"

बाईंनी क्षणभर विचार केला. आणि मान हलवली, जणू हा शब्द त्या लहानपणापासून ऐकत आल्या होत्या. "व्हय की. अण्णीच की." मग माझ्याकडे वळून, "मंग अण्णी, लगीन कवा?"

मी तोंड उघडेपर्यंत शुभानेच उत्तर दिलं, "उन्हाळ्यात. शाळांची गर्दी सुरू व्हायच्या आधी. नंतर मला येळ नाय."

असे शब्द मी आयुष्यभर जमवले, पण ते सगळे आधीच जन्मून मोठे झालेले होते. हा एक माझ्या डोळ्यांदेखत झाला, एका बाईने केला, दुसरीने घेतला, आणि तो मीच होते. मला इतकं सुख झालं की मी हातातला स्वेटर तोंडावर धरला आणि त्यात रडले. नव्या लोकरीचा वास अजून नाकात आहे.

"आता का गप्प?" शुभा जवळ येऊन म्हणाली. "बोला की. कालपासून डोकं खाजवत होते मी. तुमच्या त्या जुन्या खुंटीवर बसतंय का नाय?"

"बसतंय," मी म्हटलं. "अगदी बसतंय."

"मग तो स्वेटर खाली ठेवा. गिऱ्हाइकाचा आहे."

अण्णा बॅग घेऊन आले तेव्हा आम्ही दोघी घड्या घालत होतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि दारातच उभे राहिले. शुभा म्हणाली, "अण्णा, आत या. अण्णीला चहा सांगा." त्यांना शब्द कळायला थोडा वेळ लागला. मग ते बॅग रस्त्यातच ठेवून चहा सांगायला इतक्या घाईने निघाले की एक स्कूटर कशीबशी थांबली आणि स्कूटरवाल्याने त्यांना नको ते ऐकवलं. त्यांनी त्याचे आभार मानले.

रत्नागिरी

घरी आले, आंघोळ केली, सुधाला सगळं सांगितलं. ती डोळे पुसत म्हणाली, "साठी बुद्धी नाठी," आणि लगेच कुठली साडी घ्यायची ते ठरवू लागली. एवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबर. पलीकडे मिशांमागचा तो लाजाळू आवाज, पण आज ठणठणीत. "अण्णी, पोचलाव का? भाऊसाहेब बोलतोय. परत कवा येताव?"

मी तर त्यांना काही सांगितलं नव्हतं. स्वेटरवाल्या बाई जीपने गेल्या असणार आणि शब्द त्यांच्याबरोबर गेला असणार. माझ्या आधी पोचला गंगापूरला. मागून हसणं ऐकू येत होतं, मग फोनची ओढाओढ, आणि मग अण्णा. ते शेतावर आले होते, भावाला स्वतः सांगायला, पण शब्द त्यांच्याही आधी पोचला होता. त्यांना बोलायचं खूप होतं, पण भोवती माणसं. म्हणून त्यांनी तेवढंच विचारलं, जे पहिल्या दिवशी विचारलं होतं.

"चहा पिलात का?"

सुधा समोर बसली होती, कान टवकारून.

"पिले," मी म्हटलं.